अवकल समीकरणांची ओळख



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा किमान वेतन, कंत्राटी पद्धत किंवा हंगामी स्थलांतर यांपैकी काहीतरी मी सांगेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी 'अवकल समीकरणे' असे उत्तर दिल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग धारणीत हे ऐकायला कोण येणार, असे त्यांनी हळूच विचारले. त्यांची शंका रास्त होती. मी पदवीधर नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये वीजतंत्रीचे शिक्षण घेतले, काही वर्षे तारा जोडल्या आणि पुढचे आयुष्य संघटनेच्या कामात गेले. जे थोडेबहुत गणित मला कळते ते चाळिशीत, रात्री जेवणानंतर, जुन्या पुस्तकांवरून कळलेले आहे. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते प्राध्यापकाचे विवेचन नव्हे. ज्याला या विषयाची गरज पडली आणि म्हणून जो त्याच्या मागे लागला, अशा माणसाने सांगितलेली ती हकिगत आहे.

आपल्या या गावातून दरवर्षी काही मुले-मुली हरिसाल, सेमाडोह, परतवाडा असा रस्ता धरून अमरावतीला अभियांत्रिकी शिकायला जातात. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचे. त्यानंतर अमरावती, बडनेरा, शेगाव अशी आणखी कितीतरी महाविद्यालये निघाली. आपल्या सिपना नदीचे नाव घेतलेलेही एक तेथे आहे. कोठेही प्रवेश घेतला तरी पहिल्या वर्षी गणिताचे दोन पेपर असतात, आणि मुले ज्याला 'एम-टू' म्हणतात त्या दुसऱ्या पेपरात बहुधा हा विषय येऊन बसतो. दिवाळीला हसत आलेला मुलगा उन्हाळ्यात मान खाली घालून आला, तर घरच्यांनी समजावे की एम-टू राहिला. बाप विचारतो, "कशात गेला?" मुलगा सांगतो, "डिफरन्शियल इक्वेशनमध्ये." बापाला त्यातला एकही शब्द कळत नाही आणि मुलालाही तो आपल्या भाषेत सांगता येत नाही. दोघेही गप्प बसतात. हे गप्प बसणे मला काही बरे वाटत नाही.

आता माझी स्वतःची गरज कशी पडली ते सांगतो. जानेवारी २०१२ मध्ये आपल्या तालुक्यातला एक वीजतंत्री खाली सपाटीवरच्या एका जिनिंगमध्ये हंगामी कामाला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये मोटारी पुष्कळ. मोटारींमुळे विजेचा पॉवर फॅक्टर खाली जातो आणि त्या वेळी बिलात दंड लागत असे. तो वाचवण्यासाठी कपॅसिटरचे एक कपाट बसवलेले असते. कपॅसिटर म्हणजे विजेचा साठा धरून ठेवणारा डबा. मुख्य स्विच बंद केला तरी डब्यातला साठा लगेच जात नाही, म्हणून डब्याच्या दोन टोकांमध्ये एक रोधक जोडलेला असतो; साठा त्या रोधकातून हळूहळू वाहून संपतो. कपाटावर पाटी होती: स्विच बंद केल्यावर एक मिनिट थांबा. आमच्या माणसाने स्विच बंद केला, थांबला, हात घातला आणि फेकला गेला. डावे कोपर लोखंडी चौकटीवर आपटून मोडले. ते पुन्हा सरळ झाले नाही.

भरपाईचा प्रश्न आला तेव्हा मालकाच्या बाजूने असे मांडण्यात आले की हा माणूस मिनिटभर थांबलाच नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात अशी तरतूद होती की, सुरक्षिततेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश कामगाराने जाणूनबुजून मोडला आणि त्यातून इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आलेले नसल्यास मालकावर दायित्व येत नाही. तेव्हा सगळे प्रकरण त्या एका मिनिटावर येऊन ठेपले. त्यांचा युक्तिवाद ऐकायला फार सोपा होता. एका मिनिटात साठा संपतो. झटका बसला म्हणजे साठा होता. साठा होता म्हणजे मिनिट झालेले नव्हते. आणि इकडे आमचा माणूस दवाखान्यातून पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "थांबलो होतो न भाऊ मी! तीन मिनिटं थांबलो होतो."

मला त्याचे खरे वाटत होते, पण खरे वाटणे हा पुरावा नव्हे. साठा एका मिनिटात संपतो हे कोणी ठरवले? कोणत्या नियमाने संपतो? आयटीआयमध्ये आम्हांला 'थांबा' एवढेच शिकवले होते. त्या वेळी संघटनेच्या कार्यालयात दिवा आणि पंखा असल्यामुळे एक-दोन मुले अभ्यासाला येत असत. त्यांतला एक अमरावतीला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. मी त्याला विचारले, कपॅसिटरमधला दाब किती वेळात किती उतरतो हे काढता येते काय? तो विचारात पडला. आठवड्याने परत आला आणि म्हणाला, "भाऊ, हे तं एम-टू मधलं आहे. मी त्यात पास झालो, पण हे थेच आहे हे आज समजलं." पुढचे चार-पाच शनिवार आम्ही दोघे ते गणित घेऊन बसलो. तो मला रीत सांगे आणि मी त्याला वस्तू दाखवी.

साधे समीकरण आपल्या सर्वांना शाळेपासून माहीत आहे. एक अज्ञात संख्या असते, ती शोधायची. अवकल समीकरणात अज्ञात असते ते एखाद्या संख्येचे नाव नसून एक संपूर्ण वाटचाल असते. चहा कसा कसा थंड होत गेला, टाकी कशी कशी रिकामी झाली, कर्ज कसे कसे वाढले. ही वाटचाल आपल्याला ठाऊक नसते. ठाऊक असतो तो बदलाचा दर. म्हणजे या क्षणी परिस्थिती अशी असेल तर या क्षणी बदल इतक्या वेगाने होईल, एवढा नियम. या नियमावरून मागची-पुढची सगळी वाटचाल शोधून काढणे याला अवकल समीकरण सोडवणे म्हणतात. जुन्या मराठीत कलनशास्त्राला शून्यलब्धी असा शब्द होता. क्षणातला बदल हा शून्याइतका बारीक, पण असे अगणित बारीक बदल गोळा केले की काही लब्धी होते. मला तो शब्द आवडतो.

संघटनेतल्या लोकांना मी हे वेतनवाढीवरून समजावतो. करारात लिहिलेले असते की दरवर्षी मूळ पगाराच्या इतके टक्के वाढ. हा झाला बदलाचा नियम. आता या नियमावरून तुकारामाचा पगार दहा वर्षांनी किती, हे सांगता येईल काय? नाही. तो कामावर लागला तेव्हा कितीवर लागला, हे कळल्याशिवाय सांगता येणार नाही. नियम एकच, पण ज्याची सुरुवात वेगळी त्याची वाटचाल वेगळी. म्हणून अवकल समीकरणाच्या उत्तरात एक मोकळा स्थिरांक राहतो आणि आरंभीची अट दिली की तो पक्का होतो. परीक्षेत हा स्थिरांक लिहायचा राहिला म्हणून गुण गेले, अशी तक्रार मी पुष्कळ मुलांकडून ऐकली आहे. वास्तविक तो विसरणे म्हणजे सगळ्या कामगारांना एकाच पगारावर लागलेले समजण्यासारखे आहे.

आता बदलाचा सर्वांत साधा नियम कोणता, तर जितके आहे तितक्या प्रमाणात बदल. सावकाराचे व्याज असेच असते. समजा शंभर रुपये दरमहा शेकडा पाच दराने घेतले. सरळ व्याजाने वर्षाचे १६० होतात. दर महिन्याला व्याज मुद्दलात घातले तर १७९ रुपये ५९ पैसे. पंधरवड्याला अर्धे व्याज लावून मुद्दलात घातले तर १८० रुपये ८७ पैसे. रोजच्या रोज घातले तर १८२ रुपये १२ पैसे. सावकार आणखी लोभी झाला आणि क्षणाक्षणाला व्याज चढवू लागला तर काय होईल? कर्ज आकाशाला भिडेल असे वाटते, पण तसे होत नाही. ते १८२ रुपये २१ पैशांवर येऊन थांबते. सतराव्या शतकाच्या अखेरीस याकोब बेर्नुली या स्विस गणितज्ञाने चक्रवाढ व्याजाचाच विचार करताना ही मर्यादा पाहिली. तिच्यामागे जी संख्या आहे, सुमारे २.७१८, तिला पुढे ऑयलरने एक अक्षर दिले, आणि आज प्रत्येक अभियांत्रिकीच्या वहीत 'ई' म्हणून ती पानापानावर असते. मुले ती लिहितात, पण तिचा जन्म व्याजातून झाला हे त्यांना कोणी सांगत नाही. आमच्या भागातल्या मुलांना व्याज फार लवकर कळते. तेथूनच सुरुवात केली तर ती संख्या परकी वाटणार नाही.

वर जी मी महिन्याची, पंधरवड्याची, दिवसाची पायरी घेतली, तीही एक रीतच आहे. नियम घ्यावा, एक छोटी पायरी चालावी, नव्या जागी उभे राहून पुन्हा नियम विचारावा, पुन्हा एक पायरी. ऑयलरने १७६८ च्या आपल्या ग्रंथात ती सांगितली. आज संगणक मोठमोठी समीकरणे सोडवतो तोही मुळात असाच, पायऱ्यापायऱ्यांनी चालतो. फक्त त्याच्या पायऱ्या बारीक आणि हुशारीने टाकलेल्या असतात. ज्या विद्यार्थ्याला एखादे समीकरण कोणत्याच रीतीने सुटत नाही त्याने निदान दहा पायऱ्या हाताने चालून पाहाव्यात. उत्तराचा आकार डोळ्यांसमोर येतो.

कपॅसिटरचा नियम सावकारीच्या उलटा. दाब जितका जास्त तितका प्रवाह जास्त, आणि प्रवाह जितका जास्त तितका साठा लवकर कमी. म्हणजे जितके आहे तितक्या प्रमाणात घट. अशा घटीचा एक विशेष आहे: ठरावीक काळात ती निम्मी होते, पुन्हा तेवढ्याच काळात निम्म्याची निम्मी. जिनिंगमधला पुरवठा ४१५ व्होल्टचा; पण प्रत्यावर्ती विजेचे शिखर त्याच्या सुमारे १.४१ पट असते, म्हणून स्विच बंद होताना डब्यात स्थूलमानाने ६०० व्होल्टपर्यंत दाब अडकू शकतो. रोधक चांगला असेल आणि दर १५ सेकंदांनी दाब निम्मा होत असेल तर १५ सेकंदांनी ३००, ३० सेकंदांनी १५०, ४५ सेकंदांनी ७५ आणि मिनिटाने ३७ च्या आसपास. पाटीवरचे 'एक मिनिट' यातून आलेले होते. पाटी खोटी नव्हती.

पण त्या १५ सेकंदांत काय काय दडलेले आहे ते पाहा. निम्मे होण्याचा काळ दोन गोष्टींवर ठरतो, डब्याची क्षमता आणि रोधकाचा रोध. यांचा गुणाकार वाढला की काळही त्याच प्रमाणात वाढतो. रोधक ही काही रुपयांची वस्तू. ती जळाली तर डबा बाहेरून जसाच्या तसा दिसतो, त्याचे कामही चालू राहते. फरक पडतो तो स्विच बंद केल्यावर. साठ्याला वाहून जायला वाटच राहत नाही. जी काही गळती होईल ती डब्याच्या आतल्या आवरणातून. समीकरण तेच, नियम तोच, स्थिरांक तेवढा बदलला. शनिवारी रात्री हे लक्षात आले तेव्हा आम्ही दोघे काही वेळ एकमेकांकडे पाहत राहिलो.

चौकशीत आम्ही एवढेच मागितले की त्या कपाटातले डबे दोन्ही बाजूंसमोर तपासावेत. तपासणाऱ्या अभियंत्याने एक चांगली सूचना केली: मीटर सतत लावून ठेवू नका, कारण मीटरमधूनही थोडा साठा वाहतो, दर पाच मिनिटांनी क्षणभर टेकवा आणि काढून घ्या. एका डब्यात ५०० व्होल्ट भरले. पाच मिनिटांनी ४२२. दहाव्या मिनिटाला ३५२, पंधराव्याला २९९, विसाव्याला २५१. आता हे आकडे आपण घरी जाऊन भागून पाहा. प्रत्येक आकडा मागच्या आकड्याच्या सुमारे ०.८४ पट आहे. हीच त्या नियमाची खूण. निम्मे व्हायला वीस मिनिटे लागतात असा तो डबा होता. त्यावरून ६०० व्होल्ट धरले तर एका मिनिटाने ५८०, आणि तीन मिनिटांनीही ५४० उरतात. मग डबा फोडून पाहिला. आतला रोधक तुटलेला होता. जिनिंगच्या नोंदवहीत स्विच बंद केल्याची वेळ चार वाजून दहा मिनिटे आणि अपघाताची चार वाजून तेरा मिनिटे होती. ही नोंदवही पहिल्यापासून तेथेच होती, पण 'साठा होता म्हणजे तो थांबला नव्हता' या तर्कापुढे तिला कोणी विचारत नव्हते. भरपाई मिळायला त्यानंतरही दीड वर्ष लागले, आणि रकमेवरून आमची पुन्हा वेगळी झटापट झाली. ती कथा येथे नको.

चौकशी चालू असताना समोरच्या वकिलांनी मला विचारले होते, तुम्ही गणिताचे तज्ज्ञ आहात काय? मी नाही म्हणालो. पण भागाकाराला तज्ज्ञ लागत नाही.

आता महाविद्यालयातल्या अभ्यासाकडे वळू. या विषयाचा पहिला भाग असा शिकवला जातो: समीकरणाची ऑर्डर आणि डिग्री ओळखा, मग ते कोणत्या जातीचे आहे ते ओळखा, मग त्या जातीची रीत लावा. चले वेगळी करता येणारे, होमोजिनियस, एक्झॅक्ट, लिनियर, बेर्नुलीचे. मराठी मुलखात पुणे विद्यार्थी गृहाने काढलेली वर्तीकरांची पुस्तके आणि उत्तरेकडचे ग्रेवाल यांचे जाड पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. दोन्हींत उदाहरणांचा साठा मोठा आहे, आणि मी स्वतः ग्रेवालांची एक फाटकी प्रत घेऊन शिकलो, तेव्हा त्यांच्याबद्दल मला कृतज्ञताच आहे. परंतु मुले त्यांतून जाती पाठ करतात. ओळख पटली की हात आपोआप चालू लागतो, आणि समीकरण काय सांगत आहे हे विचारायचे राहून जाते. माझ्याबरोबर बसलेला मुलगा याच रीतीने उत्तीर्ण झालेला होता.

रीती अवघड नाहीत. चले वेगळी करणे म्हणजे तूर एका पोत्यात आणि सोयाबीन दुसऱ्या पोत्यात. मग दोन्हींचे समाकलन करावे. लिनियर समीकरणात डावी बाजू अशी अडलेली असते की ती कशाचाच पुरता अवकलज नसते. तिला एका योग्य राशीने गुणले की ती एका गुणाकाराचा अवकलज होते आणि सुटते. या गुणकाला इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणतात. अपूर्णांकांची बेरीज करताना छेद सारखे करण्यासाठी आपण वरखाली गुणतो, त्याच जातीची ही युक्ती. टाकीत एकीकडून पाणी येते, दुसरीकडून जाते आणि मधे औषध मिसळलेले आहे, अशी उदाहरणे या रीतीने सुटतात.

गोंधळ होतो तो नावांमुळे. होमोजिनियस हा शब्द या एकाच पेपरात दोन अगदी वेगळ्या अर्थांनी येतो. पहिल्या प्रकरणात त्याचा अर्थ सर्व पदांचा घात सारखा असणे. पुढच्या प्रकरणात त्याचा अर्थ उजवी बाजू शून्य असणे. त्याचप्रमाणे बेर्नुलीचे समीकरण गणिताच्या तासाला एक आणि जलशास्त्राच्या तासाला दुसरेच. पहिले याकोबचे, १६९५ मधले. दुसरे डॅनियलचे, त्याच्या १७३८ च्या ग्रंथातले. हे काका-पुतणे होते. मुलांना वाटते आपलीच बुद्धी कमी, आणि असते काय, तर एका घरातली दोन माणसे एकाच आडनावाने पुस्तकात बसलेली. मराठी शाळेतून गेलेल्या आणि घरी कोरकू बोलणाऱ्या मुलाला तर हे तिसऱ्या भाषेत उलगडावे लागते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकवण्यास वाट करून दिली आहे. ती वाट रुंद व्हावी असे मला वाटते. पण नुसते शब्द भाषांतरित करून भागणार नाही, उदाहरणेही आपली हवीत.

दुसऱ्या भागात दुसऱ्या ऑर्डरची समीकरणे येतात, ज्यांत बदलाच्या दराचाही दर असतो. सेमाडोहच्या घाटातून जीपने आलेल्या माणसाला हे समीकरण अंगावर कळलेले असते. खड्ड्यातून गेल्यावर गाडी एकदा दबून सावकाश वर येते, की तीन-चार वेळा नाचते, हे स्प्रिंगचा ताठरपणा, गाडीचे वजन आणि शॉकॲब्सॉर्बरचा अडथळा या तिघांच्या मेळावर अवलंबून. कागदावर एक वर्गसमीकरण मांडतात. त्याची मुळे वास्तव आली तर गाडी न नाचता बसते, काल्पनिक आली तर नाचते, आणि दोन्ही मुळे सारखी आली तर न नाचता शक्य तितक्या लवकर बसते. मेकॅनिक बॉनेट दाबून सोडतो आणि पाहतो, तेव्हा तो मुळांची जात तपासत असतो. रोधक, कपॅसिटर आणि वेटोळे यांचे मंडलही हुबेहूब याच समीकरणाचे. एवढ्यासाठीच अभियांत्रिकीच्या सगळ्या शाखांना हा पेपर सारखा ठेवलेला आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरच्या आकड्यांनी या शास्त्रात एक मोठे पाऊल पडले, ते येथे सांगितले पाहिजे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा येत राहिला. गिरणी कामगारांच्या चाळी त्याने ओस पाडल्या. आपल्या कामगार चळवळीचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगनेच गेले. मुंबईतल्या मृत्यूंची नोंद आठवड्याच्या आठवड्याला होत असे. पुढे १९२७ मध्ये एडिंबरो येथे काम करणाऱ्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत राहून गेलेले डॉक्टर. कर्मॅक हे रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघाताने त्यांची दृष्टी गेलेली होती. त्यांनी लोकसंख्येचे तीन भाग कल्पिले: निरोगी, आजारी आणि बरे झालेले अथवा मेलेले. निरोगी आणि आजारी यांची गाठ पडते तितक्या प्रमाणात नवे आजारी होतात. आजारी असतात त्या प्रमाणात लोक तिसऱ्या भागात जातात. एवढ्या दोन नियमांची समीकरणे मांडून त्यांनी जो वक्र काढला तो १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातल्या मुंबईच्या प्लेगच्या मृत्यूंवर ठेवून पाहिला. वक्र सतराव्या आठवड्याच्या सुमारास शिखरावर जातो, आठवड्याला नऊशेच्या जवळपास मृत्यू, आणि मग उतरतो. आकडे त्याच्या अगदी जवळून गेले.

त्यांच्या गणिताचा मुख्य निष्कर्ष असा, की साथ संपते ती सगळे निरोगी लोक संपले म्हणून नव्हे. त्यांची संख्या एका उंबरठ्याच्या खाली गेली की साथ आपोआप ओसरू लागते, आणि काही माणसे तिच्या हाती न लागता शिल्लक राहतात. २०२० मध्ये करोनाच्या दिवसांत दूरचित्रवाणीवर जे चढउताराचे वक्र दाखवत ते याच घराण्यातले.

पण येथेही एक खोच आहे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. माणसांच्या साथीमागे उंदरांची साथ असते. हे त्या दोघांना माहीत होते, आणि आपले स्थिरांक त्या मानाने ढोबळ आहेत हे त्यांनी निबंधातच मान्य केले होते. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले की मुंबईत प्लेग वर्षाच्या ठरावीक ऋतूतच चढत-उतरत असे, म्हणजे त्या उतारात हवामानाचाही वाटा होता. वक्र आकड्यांवर बसला एवढ्यावरून कारण सापडले असे होत नाही. मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण पुस्तकातल्या उदाहरणांत नियम दिलेला असतो आणि तो खराच धरायचा असतो. बाहेर तसे नसते. जिनिंगच्या वकिलांचे गणित चुकलेले नव्हते. त्यांनी रोधक शाबूत धरला होता.

तो तपासलेला डबा पुढे मी मागून घेतला. आता संघटनेच्या कार्यालयात टेबलावर असतो, आणि एम-टूची मुले आली की त्यांच्यासमोर आम्ही तो नव्या रोधकासह थोड्या कमी दाबाने भरून उतरवतो. एकाने घड्याळ धरायचे, एकाने मीटर टेकवायचा, एकाने आलेखाच्या कागदावर ठिपके द्यायचे. एक गोष्ट मात्र मला अजून साध्या समीकरणातून काढता आलेली नाही. डबा पूर्ण उतरवला, मीटरने शून्य दाखवले, आणि टोके मोकळी सोडून दिली, तर काही वेळाने त्यात थोडा दाब पुन्हा उगवतो. आतल्या आवरणाच्या द्रव्यात जो अंश मुरलेला असतो तो सावकाश बाहेर येतो, असे त्याचे कारण सांगतात, आणि त्यासाठी एकाऐवजी अनेक समीकरणे जोडून मांडावी लागतात. म्हणून ठेवणीतल्या कपॅसिटरची दोन्ही टोके तारेने एकत्र बांधून ठेवण्याची पद्धत आहे. आमच्याही डब्याला ती तार आहे, आणि मुलांनी तो हाताळल्यावर ती परत बांधली की नाही हे मी स्वतः पाहतो.